मेडिकलच्या काउंटरवरचा रुक्षपणा कुठे शिकवला जातो?

मेडिकलवाल्यांबद्दलची तक्रार मुंबईत कुठेही जा, एकच असते. चिठ्ठी घेतो, गोळ्यांची पट्टी कात्रीने कापतो, पाकिटावर १-०-१ खरडतो, पैसे घेतो आणि मान वर करून बघतही नाही. सरकारी रुग्णालयातल्या औषधाच्या खिडकीबद्दल तर बोलायलाच नको. मग कुणीतरी म्हणतं, या धंद्यात माणुसकी राहिली नाही. त्यावर उपाय म्हणून फार्मसी कॉलेजात एखादी कार्यशाळा भरते, 'रुग्णाशी संवाद' किंवा तत्सम नावाची. पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, आणि मागच्या बाकांवरची मुलं मांडीवर जर्नल ठेवून उद्याचं सबमिशन उरकत असतात.

मी बरीच वर्षं याच मुलांना शिकवते आहे, त्यामुळे मी त्यांच्या बाजूने बोलणार हे आधीच सांगून टाकते. फार्मसीला येणारी मुलं कोरडी नसतात. पहिल्या वर्षाला यांच्याकडे बघा, वर्गातल्या कुणाचे वडील आजारी पडले तर अर्धा वर्ग रक्त द्यायला केईएमला पोचलेला असतो. तीच मुलं तीन-चार वर्षांनी काउंटरमागे उभी राहतात तेव्हा समोरच्या माणसाकडे न बघता 'पुढचा' म्हणायला शिकलेली असतात. हे मधल्या काळात कुणीतरी शिकवलेलं असतं. ते कुणी आणि कसं, हे न बघता आपण आपुलकीचे तास वाढवत बसलो आहोत.

आधी नुसत्या थकव्याचं बोलू, कारण सगळे तिथेच अडकतात. बी.फार्म.चा, म्हणजे फार्मसीच्या पदवीचा, मुलगा राहायला आसनगावला किंवा बदलापूरला, कॉलेज पश्चिम उपनगरात. सकाळी लेक्चर, दुपारी चार तास उभ्याने प्रॅक्टिकल, त्यानंतर जर्नलवर सही मिळवायला केबिनबाहेर रांग. प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी लागते, आणि मध्य रेल्वेचा सिग्नल बिघडला हे कारण हजेरीपटाला मान्य नसतं. एक सेशनल परीक्षा संपेपर्यंत दुसरी येते. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की मागच्या सेमिस्टरचा पेपर पुढच्याच्या उरावर. घरची परिस्थिती बेताची असेल तर संध्याकाळी एखाद्या मेडिकलमध्ये काम आणि रात्री उशिराची कर्जत किंवा कसारा.

हे कष्ट जास्त आहेत, पण मुळावर येणारे नाहीत, असं माझं मत आहे. नर्सिंगच्या मुली याहून जास्त राबतात. असला थकवा गणपतीत चार दिवस गावी जाऊन आलं की बराचसा उतरतो. न उतरणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती ट्रेनिंगच्या काउंटरवर सुरू होते.

डी.फार्म.ची, म्हणजे फार्मसीच्या पदविकेची, एक मुलगी परळ भागातल्या दुकानात ट्रेनिंगला होती. संधिवाताच्या एका आजींना मेथोट्रेक्सेट लिहून दिलं होतं. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, अस्थिमज्जा काम करेनाशी होते, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणूस दगावूही शकतो. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असं लिहिलं होतं, पण इंग्रजीत. मुलीने पाकिटावर मराठीत 'फक्त सोमवारी' लिहिलं आणि सहज विचारलं, "आजी, ही कधी घेणार?" आजी म्हणाल्या, "रोज रात्री, बाकीच्यांसंगं." मग हिने पुन्हा समजावलं, तरी आजींची मान नुसती हलत होती, म्हणून त्यांच्या सुनेला फोन लावला आणि तिच्याकडून सोमवार वदवून घेतला. तोवर काउंटरवर पाच-सहा माणसं जमली होती. गल्ल्यावरून मालक म्हणाले, "अगं बाई, दुकान चालवतोय आपण, दवाखाना नाही."

तिने हे मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. तिचा प्रश्न साधा होता: "मॅडम, असं प्रत्येकाला विचारत बसलं तर चालणार कसं?" ट्रेनिंग संपेपर्यंत तिने विचारणं सोडून दिलं होतं. तिला आजींची काळजी वाटेनाशी झाली म्हणून नाही, तर काळजी केल्याबद्दल रोज ऐकून घ्यावं लागत होतं म्हणून. आपण ज्याला रुक्षपणा म्हणतो तो पुष्कळदा असा कमावलेला असतो, हाताला घट्टे पडतात तसा.

या विषयावर जगात पन्नास वर्षं अभ्यास चालू आहे आणि तो या मुलीच्या अनुभवापासून फार लांब नाही. न्यूयॉर्कमधल्या फुकट दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली तिथल्या स्वयंसेवकांच्या कोमेजण्याबद्दल लिहिलं आणि 'बर्नआउट' हा शब्द अभ्यासात आला. १९८१मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी तो मोजायची प्रश्नावली तयार केली. तिचे तीन भाग आहेत: मनाने रितं होणं, समोरच्याला माणूस न मानता वस्तू मानायला लागणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. यातला दुसरा भाग नीट वाचा. आपण ज्याला 'मुलांना संवेदना नाही' म्हणतो, ते या प्रश्नावलीत स्वभाव म्हणून येत नाही, लक्षण म्हणून येतं. ताप आलेल्या माणसाला 'तू फार गरम आहेस, थंड हो' म्हणून भाषण देण्यात जेवढा अर्थ आहे तेवढाच या मुलांना संवेदनेवर भाषण देण्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा, वेळेवर न आवरलेला ताण दीर्घकाळ साचल्याचा तो परिणाम, अशी नोंद केली आहे. म्हणजे बोट कामाच्या जागेकडे आहे.

दुसरा अभ्यास फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजचा. मोहम्मदरेझा होजत आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांची रुग्णाबद्दलची जाण वर्षानुवर्षं मोजली आणि २००९ साली निष्कर्ष छापले. पहिली दोन वर्षं ती टिकून राहते आणि तिसऱ्या वर्षी घसरते. तिसऱ्या वर्षीच का? कारण तेव्हा मुलं पुस्तक सोडून वॉर्डात जातात, खरा रुग्ण भेटतो. रुग्णाच्या जवळ नेल्यावर जाण वाढायला हवी, ती आटते! हे अभ्यास विद्यार्थ्यांनी स्वतःच भरून दिलेल्या फॉर्मवर उभे असतात आणि फॉर्मवरची खूण म्हणजे काउंटरवरचं वागणं नव्हे, हे मला मान्य आहे. ती मुलंही डॉक्टरकीची होती, फार्मसीची नाहीत. तरीही घसरण नेमकी कुठल्या पायरीवर होते हे वाचताना मला आमच्या ट्रेनिंगहून परतणाऱ्या बॅचेस दिसतात.

इथे एक जुना युक्तिवाद येतो. काउंटरवर आयुष्य घालवलेले लोक नव्या मुलांना सांगतात, 'मनाला लावून घेऊ नकोस, नाहीतर दोन वर्षांत संपशील.' कर्करोगाच्या टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या दुकानांत काम केलेल्या माणसाने हे सांगितलं तर मी वाद घालणार नाही. बिहारहून, बंगालहून, विदर्भातून आलेली कुटुंबं परळच्या फुटपाथवर पथारी टाकून केमोची पुढची तारीख मोजत असतात. प्रत्येकाबरोबर रडायचं म्हटलं तर संध्याकाळपर्यंत पाणी उरणार नाही. पण रडायला कोण सांगतंय? होजत यांच्या मोजणीतही समोरच्याचं समजून घेणं आणि त्याच्याबरोबर हळवं होणं या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. रुग्णाला पहिली हवी असते. आणि माझ्या अनुभवात ती माणसाला संपवत नाही. समजलं, पण काही करता आलं नाही, हे संपवतं.

महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातल्या खिडकीवर पोस्टिंगला गेलेल्या मुलाचं उदाहरण घ्या. समोर सकाळपासून रांगेत उभी असलेली गोवंडीची बाई. तिच्या चिठ्ठीवर चार औषधं, त्यातली दोन साठ्यात नाहीत. मुलाला पाठ करून दिलेलं वाक्य: 'ही दोन बाहेरून घ्या.' ती विचारते, बाहेर केवढ्याला पडतील? याला ठाऊक नाही. दुसरी कंपनी चालेल का? ते सांगायचा अधिकार नाही. लिहून देणाऱ्या डॉक्टरला फोन लावावा, तर निवासी डॉक्टर ओपीडीच्या गर्दीत बुडालेला, आणि फार्मसीच्या पोराचा फोन घेण्याची पद्धतही नाही. समाजसेवा अधिकारी कुठल्या खोलीत बसतात हे त्याला पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी कुणी दाखवलेलं नसतं. मग तो दिवसभर तेच वाक्य म्हणतो. चौथ्या दिवशी तो समोर बघायचं थांबवतो, कारण बघितलं की प्रश्न येतो आणि प्रश्नाला उत्तर नाही. मला हे वागणं निर्दय वाटत नाही, शहाणपणाचं वाटतं. त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

टीबीच्या रुग्णाचं आणखी वेगळं. चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची सरकारी यादी आहे, शेड्यूल एच-१, तिच्यात टीबीची औषधं येतात. मार्च २०१४पासून दुकानाला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, त्यात डॉक्टर, रुग्ण, औषध आणि ते किती दिलं हे लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. नियम चांगलाच आहे, मुंबईत औषधाला दाद न देणारा टीबी किती पसरलाय हे आपण जाणतो. पण ते रजिस्टर भरतं कोण? बहुतेक दुकानांत ट्रेनिंगचा मुलगा. भरलेल्या दुकानात तो मोठ्याने विचारतो, "पेशंटचं नाव?" समोरची मुलगी, विशीतली, ओढणी तोंडाशी धरून हळूच नाव सांगते. "काय? मोठ्याने!" त्या मुलाला कुणी तरी एवढंच दाखवायला हवं होतं की रजिस्टर फिरवून तिच्यासमोर ठेवावं आणि नाव तिलाच लिहू द्यावं. तीस सेकंदांचं काम. ते व्याख्यानात येत नाही, शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. आणि शेजारी कुणी नसतं.

ट्रेनिंगचा हा खरा घोळ आहे. कागदावर सगळं व्यवस्थित आहे. डी.फार्म.ला तीन महिन्यांत किमान ५०० तास, त्यातले निदान २५० प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषध देण्यात. बी.फार्म.ला सहाव्या सेमिस्टरनंतर १५० तास, कारखान्यात किंवा रुग्णालयात. तास मोजायची सोय आहे, त्या तासांत काय झालं हे बघायची नाही. एक टोक असं की मुलगा महिनोन्महिने रॅक लावतो, बॉक्स फोडतो, एक्स्पायरीचा माल वेगळा काढतो, डिलिव्हरी करून येतो. दुसरं टोक तर सगळ्यांना माहीत असूनही कुणी बोलत नाही: ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणायचा आणि ५०० तास झाले म्हणायचे. पहिल्याला रुग्ण दिसतो पण बोलता येत नाही, दुसऱ्याला दिसतही नाही. दोघांच्या हाती सर्टिफिकेट एकच.

अभ्यासक्रमाचा दोष जुना आहे. आपल्याकडे फार्मसीचं पदवी शिक्षण १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी सुरू केलं. देशात औषधं बनवणारी माणसं हवी होती. मुंबईत सिप्ला निघाली ती १९३५ची. कारखान्यासाठी रसायनं जाणणारा पदवीधर तयार करणं ही त्या काळाची गरज होती आणि ती त्या पिढीने झकास भागवली. पण बी.फार्म.चा साचा अजून तोच आहे. पहिल्या सेमिस्टरला 'कम्युनिकेशन स्किल्स', मग थेट सातव्याला 'फार्मसी प्रॅक्टिस' आणि आठव्याला 'सोशल अँड प्रिव्हेंटिव्ह फार्मसी'. मधली अडीच वर्षं रुग्ण जवळपास गायब. डी.फार्म.चा २०२०चा नवा अभ्यासक्रम याबाबतीत बराच बरा आहे, हे कबूल केलं पाहिजे. त्यात पहिल्याच वर्षी सोशल फार्मसी आहे, दुसऱ्या वर्षी कम्युनिटी फार्मसी आहे, समुपदेशनाची प्रात्यक्षिकं आहेत. परीक्षेत मात्र बाहेरून आलेले परीक्षक व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारतात, "पेशंट काउन्सेलिंगची व्याख्या सांग." मुलगा घडाघडा म्हणतो, मार्क मिळतात. त्याच्या हातात इनहेलर देऊन 'मला दम्याचा रुग्ण समज आणि शिकव' असं म्हटलं तर? हलवायचं, श्वास पूर्ण सोडायचा, दाबता दाबता सावकाश आत ओढायचा, दहा सेकंद धरायचा, स्टेरॉइड असेल तर चूळ भरायची. आणि मग 'आता तुम्ही करून दाखवा' म्हणायचं. हे शेवटचं वाक्य जो म्हणतो त्याला मी डोळे मिटून पास करीन.

जुनी मंडळी म्हणतील, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? मिक्श्चर बनवायचो, पुड्या बांधायचो, चाळीतल्या प्रत्येक घरात कुणाला काय झालंय हे ठाऊक असायचं. खरं आहे. गिरणगावातल्या दुकानाचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं, ओळखीतून काळजी आपोआप यायची. आज तेच दुकान टॉवरखाली आहे, निम्मी मागणी फोनवरच्या फोटोतून येते आणि औषध न्यायला येतो तो डिलिव्हरीवाला. आपोआप येणारी गोष्ट आता मुद्दाम शिकवावी लागते, आणि मुद्दाम शिकवायची तर तिला वेळ आणि माणूस द्यावा लागतो.

डॉक्टरांच्या बाबतीत निदान चर्चा सुरू झाली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरच्या कृतीगटाने २०२४मध्ये अहवाल दिला. त्यांच्या पाहणीत एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी मानसिक आरोग्याची तक्रार असल्याचं सांगितलं होतं, आणि निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको अशी शिफारस झाली. फार्मसीचा विद्यार्थी त्या गटाच्या कक्षेतच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचना मात्र सगळ्याच शिक्षणसंस्थांना लागू आहेत: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर एक प्रशिक्षित समुपदेशक हवाच. ते व्हायलाच पाहिजे. कुणाच्या डोक्यात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर त्याला आज, आत्ता माणूस हवा. पण मला भीती ही की कॉलेजं समुपदेशकाची खोली रंगवून मोकळी होतील, आणि काउंटरवर जे घडतं ते तसंच राहील. मालकाने सगळ्यांसमोर झापलेल्या मुलीला खोलीत बसवून दीर्घ श्वसन शिकवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच काउंटरवर पाठवायचं, यात कुणाचा आजार बरा होतोय?

माझी मागणी फार मोठी नाही. डी.फार्म.च्या त्या २५० तासांतले निदान पन्नास तास मुलाने फक्त बोलावं, औषध देण्याची घाई दुसऱ्याने सांभाळावी. शेजारी नोंदणीकृत फार्मसिस्ट असावा आणि त्याने सही करायची ती 'या मुलाला मी इतक्या रुग्णांशी बोलताना ऐकलं' यावर. रुग्णालयातल्या पोस्टिंगला पहिल्या दिवशी साठ्याची यादी, समाजसेवा अधिकाऱ्याची खोली आणि जवळचं जनऔषधी केंद्र दाखवावं, म्हणजे 'बाहेरून घ्या'च्या पुढे एक वाक्य तरी त्याच्याकडे असेल. ट्रेनिंगला विद्यावेतन असावं, थोडं का होईना. फुकटच्या हाताला कुणी शिकवत नाही, वापरून घेतं. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत रुग्णाला सल्ला देणं हे फार्मसिस्टचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहेच. ज्या दुकानात ते कर्तव्य पाळलं जात नाही तिथे ते शिकायला मुलं पाठवायची नाहीत, एवढं तरी कॉलेजच्या हातात आहे.

आता त्या मालकांकडे येते, कारण सगळं पाप त्यांच्या माथी मारणं सोयीचं असलं तरी खरं नाही. २०१३च्या किंमत नियंत्रण आदेशात, ज्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं, त्यांच्यावर किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन १६ टक्के धरलेलं आहे. त्यात परळ-दादरच्या जागेचं भाडं, फ्रीजचं वीजबिल, फार्मसिस्टचा पगार. समोरचं ॲप आणि कोपऱ्यावरची साखळी दुकानं पंधरा-वीस टक्के सूट देतात, मग गिऱ्हाईक यांनाही विचारतं, 'किती कमी करणार?' त्या मुलीने आजींशी घालवलेल्या सात मिनिटांचे मालकाला शून्य रुपये मिळतात. पट्टी विकली तर मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३मध्येच औषधवापर तपासायचे निकष दिले, त्यात एका रुग्णाला औषध देताना सरासरी किती वेळ गेला आणि घरी जाताना त्याला मात्रा ठाऊक होती का, हे दोन्ही मोजायला सांगितलं आहे. आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक येतो तेव्हा फार्मसिस्ट हजर आहे का ते बघतो, बिलं बघतो, फ्रीजचं तापमान बघतो. दुकानातून बाहेर पडणाऱ्या दोन गिऱ्हाइकांना थांबवून 'ही गोळी कधी घ्यायची?' एवढं विचारायला त्याला पाच मिनिटं लागतील. ज्या दिवशी त्या उत्तरावर परवाना अडू लागेल, त्या दिवशी तेच मालक ट्रेनिंगच्या मुलीला म्हणतील, 'अगं, नीट विचारून घे त्यांना.'